विषय कोणता आणि बैठक कोणाकडे?

मासिक चर्चामंडळात पुढच्या महिन्याचा विषय कोणता घ्यावा आणि बैठक कोणाच्या घरी भरवावी, हे दोन्ही प्रश्न निव्वळ व्यवस्थेचे असून त्यांचा निकाल बैठक उठताना, दाराशी चपला शोधता शोधता लावला तरी काही बिघडत नाही, असे एक मत आपल्याकडील मंडळांत इतके मुरले आहे की, ते कोणी मांडीत नाही आणि म्हणून कोणी खोडूनही काढीत नाही. मांडायचेच झाले तर ते असे मांडता येईल: मंडळ म्हणजे काही विद्यापीठ नव्हे, महिन्यातून एकदा चार माणसे एकत्र यावीत, दोन घटका बऱ्या जाव्यात, एवढाच त्याचा हेतू, तेव्हा विषय सर्वांना झेपेल, रुचेल आणि कोणाचे मन दुखावणार नाही असा असावा, तो बहुमताने ठरवावा, म्हणजे तक्रारीला जागा राहत नाही, आणि बैठक ज्याचा दिवाणखाना ऐसपैस आहे व ज्याच्या घरी करणारे हात आहेत त्याच्याकडे ठेवावी, कारण त्यातच सर्वांची सोय आहे. या मताचे पुरस्कर्ते सज्जन आहेत, मनमिळाऊ आहेत, आणि मंडळे टिकावीत अशी त्यांची मनापासून इच्छा आहे, हे मी जाणतो. परंतु चांगली चालणारी मंडळे ज्या कारणांनी निस्तेज होतात आणि मग मोडतात ती कारणे याच मताच्या पोटी जन्मलेली आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे, आणि ते सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

विषय प्रत्यक्षात कसा ठरतो ते आधी पाहू. पावणेनऊ वाजलेले असतात, चहाचे कप गोळा होत असतात, दोघे-तिघे उठून उभे राहिलेले असतात, आणि तेवढ्यात चिटणिसांना आठवण होते. "पुढच्या वेळी काय घ्यायचं?" कोणीतरी म्हणते, "आजची तरुण पिढी." दुसरे कोणी म्हणते, "ते मागे झालंय; ताणतणाव घ्या." "घ्या, घ्या," असा सर्वसंमत ध्वनी उठतो, चिटणीस वहीत एक शब्द टिपून घेतात, आणि महिनाभराच्या विचाराचा मामला अर्ध्या मिनिटात निकालात निघतो. "आणि कोणाकडे?" या प्रश्नावर सर्वांच्या नजरा नेहमीच्या एका गृहस्थाकडे वळतात, ते मान डोलावतात, आणि मंडळी जिना उतरू लागतात. पुढच्या महिन्यात काय होते? कोणी काही वाचून आलेले नसते, कारण काय वाचावे हेच त्या एका शब्दातून कळत नाही. एकजण प्राणायामाचे महत्त्व सांगतो, दुसरा आपल्या सुनेच्या नोकरीचे तास सांगतो, तिसरा पूर्वी असे नव्हते असे सांगतो, आणि तिघांची म्हणणी एकमेकांना कोठेही न भिडता आपापल्या वाटेने निघून जातात. कोणी कोणाचे खोडले नाही, कोणाला आपले मत तपासावे लागले नाही, घरी गेल्यावर एखादे पुस्तक काढून पाहावे असे कोणाला वाटले नाही. याला चर्चा म्हणावयाचे काय?

विषय आणि प्रश्न यांतील हा भेद आपल्या पूर्वजांना अज्ञात होता असे नाही. मीमांसकांनी कोणत्याही अधिकरणाचे जे अवयव सांगितले आहेत त्यांत विषय हा पहिला आणि संशय हा दुसरा आहे; म्हणजे विषय नेमल्यावर त्याच्याविषयी नेमकी शंका कोणती, कोणत्या दोन पक्षांत निवड करावयाची आहे, हे सांगितल्यावाचून पूर्वपक्ष उभा राहत नाही आणि पूर्वपक्षावाचून सिद्धांताला पाऊल टाकता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनात जमलेल्या ऋषींची जी परिषद वर्णिली आहे, तिच्यापुढचा प्रश्न आहाराविषयी चार शब्द बोलण्याचा नाही. रस किती, एवढाच तो प्रश्न आहे. भद्रकाप्य म्हणतो एक. शाकुंतेय म्हणतो दोन. पूर्णाक्ष मौद्गल्य तीन सांगतो आणि हिरण्याक्ष कौशिक चार. असे करता करता संख्या आठांपर्यंत चढते, आणि बाह्लीक देशाचा वैद्य कांकायन तर रस अगणित आहेत असे प्रतिपादन करतो. प्रत्येकजण आपल्या संख्येला कारण देतो, आणि शेवटी पुनर्वसू आत्रेय त्या कारणांचा परामर्श घेऊन सहा ही संख्या स्थिर करतात. दूरदेशीच्या कांकायनाला त्या सभेत तोंड उघडता आले, याचे कारण प्रश्न इतका रेखीव होता की, आपल्या अनुभवातले काय त्याला लागू पडते आणि काय पडत नाही हे प्रत्येकाला कळत होते.

म्हणूनच मोघम विषय सर्वांना झेपतो, हा समज मला मुळातच उलटा वाटतो. मोघम विषय ज्याची जीभ चालते त्याला झेपतो. ज्याला बोलण्याची सवय आहे, ज्याने सेवाकाळात भाषणे ठोकली आहेत, त्याला 'संस्कार' म्हटले तरी पुरे आणि 'पर्यावरण' म्हटले तरी पुरे. तो पाऊण तास बोलेल. ज्याच्यापाशी एखादी खरी माहिती आहे पण वक्तृत्व नाही, तो अशा बैठकीत कोपऱ्यात बसून राहतो, कारण त्याच्या माहितीला अडकवायला तेथे खुंटीच नसते. याउलट, 'आपल्या नगरवाचनालयाने स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेसाठी वाचनकक्ष द्यावा की देऊ नये', एवढा एक प्रश्न महिनाभर आधी लिहून द्या आणि काय घडते ते पाहा. वाचनालयाच्या कचेरीत हिशेब लिहिलेला एखादा निवृत्त कारकून वर्गणीदार कसे घटत गेले हे सांगू शकेल. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांत राहून परीक्षेची तयारी करणारी मुलगी घरी टेबलाएवढीही जागा नसणे म्हणजे काय हे सांगू शकेल. रोज सकाळी तेथे जाऊन चार वर्तमानपत्रे वाचणारा वृद्ध आपली बाजू मांडू शकेल. तिघांपैकी कोणीही विद्वान नाही, आणि तिघांवाचूनही त्या प्रश्नाचा निकाल लागणे शक्य नाही. आता सर्वांना झेपणारा विषय कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर दुसरा पक्ष म्हणतो की, प्रश्न असा धारदार केला म्हणजे वाद होतील, मने दुखावतील आणि मंडळ मोडेल. सबब धर्म, जात, राजकारण, स्थानिक भांडणे यांना दारातच मज्जाव असावा. वादाचे हे भय आपल्या अंगी कोठून आले? न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा अशी तीन प्रकारची भाषणे सांगितली. तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ पाडण्यासाठी चालते ती वितंडा. टाळावयाचे ते शेवटचे दोन. परंतु जल्पाच्या भीतीने वादच वर्ज्य करणाऱ्यांना जल्पापासूनही सुटका मिळत नाही, कारण जे बैठकीत बोलता येत नाही ते जिन्यात बोलले जाते, आणि तेथे त्याला उत्तर देणारा कोणी नसतो. ज्या वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला त्या १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी धर्मासारख्या विषयावर जाहीर वाद करीत होते, आणि तो वाद पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. परक्या राज्यात, परक्या धर्माच्या प्रचारकांशी, उघड्या वाळवंटावर जे साधले, ते आपल्याच शेजाऱ्यांशी, भिंतीच्या आत, चहा पिताना आपल्याला साधणार नाही असे मानणे म्हणजे स्वतःच्या सौजन्यावरच अविश्वास दाखविणे होय.

मने दुखावतात ती विषयामुळे दुखावत नाहीत, बोलण्याच्या रीतीमुळे दुखावतात. आणि रीतीला नियम लावता येतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ साली फिलाडेल्फियात 'जंटो' नावाचे जे मंडळ काढले, त्यात एक काचकाम करणारा होता, एक चांभारकाम शिकलेला होता, एक सुतार होता, एक दस्तऐवजांच्या नकला करून पोट भरणारा होता. नीती, राजकारण आणि सृष्टिविज्ञान हे तिन्ही विषय त्यांनी खुले ठेवले. प्रश्न मांडण्याची पाळी प्रत्येकावर येई. प्रश्न आठवडाभर आधी वाचून दाखवीत, जेणेकरून मधल्या काळात सभासदांनी त्यावर वाचन करावे. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकाने स्वतः लिहिलेला निबंध वाचावा लागे. आणि जो आपले मत हटवादीपणे ठोकून देई किंवा दुसऱ्याला तोडून टाकल्यासारखे बोले, त्याला किरकोळ दंड भरावा लागे. दंड होता तो उद्धटपणाला. विषयांवर मात्र बंदी नव्हती. त्या कारागिरांच्या मंडळातून १७३१ साली वर्गणीदारांचे ग्रंथालय उभे राहिले. येथे आपल्या मुंबईतही १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी जी साहित्यिक व शास्त्रीय सभा स्थापिली, तिच्यातल्या तरुणांनी निबंध वाचता वाचता दुसऱ्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. स्त्रीशिक्षण हा विषय त्या काळी कोणाचे मन न दुखावणारा होता काय? वादग्रस्त म्हणून तो त्यांनी वगळला असता, तर त्या सभेचे नावही आज कोणाला सांगता आले नसते.

बहुमताविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. हात वर करवून घेतलेल्या कौलातून जो विषय निघतो तो कोणाचाच नसतो. ज्याला कोणाचा विरोध नाही असा तो असतो, आणि विरोध नसण्याचे कारण बहुधा त्यात काही नसणे हेच असते. शिवाय ज्यांची आवड संख्येने थोड्यांची आहे त्यांचा प्रश्न अशा कौलात कधीच वर येत नाही. मंडळात एकजण शेतीत रमणारा असेल आणि बाकीचे सारे पेन्शनर असतील, तर पाण्याच्या पाळीचा प्रश्न बारा वर्षांतही निघावयाचा नाही. विषय देण्याचा अधिकार पाळीने एकेकाला द्यावा. त्याने आपला प्रश्न एका पूर्ण वाक्यात लिहून द्यावा. इतरांनी त्याला तो स्पष्ट करावयास सांगावे, पण बदलावयास सांगू नये. ज्याने प्रश्न दिला त्याने तो का दिला याची कैफियत पहिल्या दहा मिनिटांत द्यावी, आणि शेवटी आपले मत कोठे हलले व कोठे हलले नाही हेही सांगावे. या जबाबदारीच्या जाणिवेने माणूस जसा विचार करतो तसा कौलात हात वर करताना करीत नाही.

यजमानपदाचा प्रश्न मला विषयाच्या प्रश्नाहूनही गंभीर वाटतो, कारण विषय चुकला तर एक महिना वाया जातो, परंतु यजमान सोयीने नेमले जाऊ लागले की मंडळाची घडणच बिघडते. बैठक वर्षानुवर्षे एकाच घरी भरते तेव्हा त्या घरच्या माणसाने न मागता त्याला अध्यक्षपद मिळते. तो बोलू लागला की इतर थांबतात. त्याने घड्याळाकडे पाहिले की चर्चा आवरती घेतात. आणि ज्याच्या गालिच्यावर बसून, ज्याच्या घरचे खाऊन आपण बोलत असतो त्याचे म्हणणे त्याच्या तोंडावर खोडून काढण्याचा संकोच आपल्यापैकी कोणाला वाटत नाही? यात त्या गृहस्थाचा काही अपराध नाही. तो उदारपणे घर देतो. अपराध आहे तो त्याचे औदार्य वहिवाट म्हणून गृहीत धरणाऱ्या बाकीच्यांचा.

आणि ज्यांच्या घरी बैठक कधीच भरत नाही त्यांचे काय? एका मंडळात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या एका सभासद बाईंनी "या वेळी आमच्याकडे ठेवा" असे सांगितल्यावर त्यांना मिळालेले उत्तर मी स्वतः ऐकले आहे: "तुम्ही कशाला उगाच त्रास घेता, जिना चढायचा, त्यात तुमच्या सासूबाई झोपून असतात." बोलणाऱ्याच्या मनात कणव होती याविषयी मला शंका नाही. त्या बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलेही नाही, आणि पुढे त्यांचे येणे कमी होत होत थांबले. ज्याला कायम पाहुणाच राहावे लागते त्याला ते मंडळ आपले वाटेल कसे? सोयीच्या नावाखाली आपण त्यांना सांगितले ते एवढेच की, तुमचे घर आमच्या बसण्याजोगे नाही. आणि सुशिक्षित माणसांच्या मंडळाने आपल्या सभासदाला सांगावे असे याहून कठोर दुसरे काही मला सुचत नाही.

'करणारे हात' या शब्दप्रयोगात तर एक अन्याय दडलेला आहे, आणि तो आपल्या बैठकींत इतका नित्याचा आहे की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. बाहेर स्त्रियांच्या घरकामाचे मोल या विषयावर तावातावाने भाषणे चालू असतात आणि यजमानांची पत्नी आत कढईपुढे उभी असते. कोणी तरी हाक मारते, "वहिनी, तुम्हीही या ना बसायला," आणि आतून उत्तर येते, "आलेच, एवढा घाणा काढते." त्या येतात तेव्हा बश्या घेऊन येतात, आणि मग रिकाम्या बश्या घेऊन आत जातात. ज्या घरात चर्चा झाली त्या घरातले एक माणूस त्या चर्चेतले एक वाक्यही न ऐकता राहिले. म्हणून बैठकीत चहाखेरीज काही असू नये, आणि घरातील ज्यांना बसावयाचे आहे ते सर्व बसल्याखेरीज प्रश्न वाचला जाऊ नये, असा नियम मी आग्रहाने सुचवितो. फराळाचा बडेजाव गेला की लहान घरांचा संकोचही आपोआप जातो. दोन खोल्यांत सतरंजी टाकून पंधरा माणसे बसू शकतात, मात्र पंधरा माणसांचे तळण त्या घरातल्या एका बाईवर पडता कामा नये.

कोणाच्या घरी बसलो आणि कोणाच्या हातचे घेतले हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे महाराष्ट्रातल्या माणसाने तरी म्हणू नये. १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. त्या एका घासात जातिभेदाविरुद्धची सारी प्रतिज्ञा सामावलेली होती, आणि सभासदांची नावे फुटल्यावर ती सभा टिकू शकली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आला, आणि त्या चहावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. काळ पालटला हे खरे. चहासाठी आज कोणी कोणाला प्रायश्चित्त देत नाही. पण आपण प्रामाणिकपणे आपल्या गेल्या वर्षाचा हिशेब काढावा: गावातल्या किती पेठांत, किती वस्त्यांत, कोणत्या आडनावांच्या घरी आपण खुर्चीवर बसून तासभर बोललो? लग्नाची पत्रिका द्यायला दारापर्यंत गेलो ते यात धरू नये. पाळीने घरोघर फिरणारे मंडळ ही ज्या घरांत आपले पाऊल एरवी पडले नसते त्या घरांत जाण्याची संधी आहे, आणि 'सोय' या एका शब्दासाठी आपण ती दर महिन्याला गमावतो.

शेवटी एक आक्षेप हमखास निघतो: इतके नेम लावाल तर येणार कोण? पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली तेव्हा सभासद होऊ पाहणाऱ्याला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. तरीही लोक आले, आणि त्या सभेने पुढे सरकारला जाब विचारला. माणसे नेमांना कंटाळून जात नाहीत. ज्याला संध्याकाळचे दोन तास मोलाचे आहेत असा माणूस, आपण आलो काय आणि न आलो काय, काही फरक पडत नाही असे दिसले की जातो. मग मागे राहतात ती ज्यांना वेळ घालवावयाचाच आहे अशी माणसे, आणि त्यांच्या संख्येकडे बोट दाखवून मंडळ उत्तम चालले आहे असे सांगितले जाते. ज्याच्या हाती या महिन्याचा प्रश्न आहे, ज्याच्या घरी या महिन्याची बैठक आहे, ज्याच्या हाती या महिन्याचे घड्याळ आहे, ते तीन सभासद गैरहजर राहतील काय?

म्हणून माझी दरखास्त अशी आहे. प्रश्न देणारा एक, घर देणारा दुसरा आणि चर्चा चालविणारा तिसरा, अशी तीन कामे तीन निरनिराळ्या सभासदांकडे असावीत, आणि तिन्हींच्या पाळ्या वर्षारंभी चिठ्ठ्या टाकून नेमल्या जाव्यात. प्रश्न महिनाभर आधी लेखी सर्वांच्या हाती पडावा. त्याला निदान दोन बाजू असाव्यात, आणि त्यांपैकी प्रत्येक बाजू खरी मानणारा एक तरी माणूस त्या खोलीत असावा. ज्याला घरी बैठक घेणे आजारपणाने किंवा अन्य कारणाने खरोखरच अशक्य असेल, त्याने स्वतः तसे सांगावे. त्याच्या वतीने इतरांनी ते ठरवू नये. आणि अशा वेळी वाचनालयाची किंवा शाळेची एखादी खोली मिळवून तेथे त्याच सभासदाने यजमान म्हणून सर्वांचे स्वागत करावे, त्याची पाळी चुकवू नये. ज्यांना ही तजवीज नामंजूर असेल त्यांनी आपला पूर्वपक्ष कारणांसह लिहून चिटणिसांकडे द्यावा. पहिल्या बैठकीपुढचा प्रश्न तोच ठेवू, आणि ती बैठक ज्याच्याकडे आजवर एकदाही भरलेली नाही अशा सभासदाच्या घरी भरवू.